चोवीस पानांवरची खूण

बोरूकाकांना फ्रेंच येत नव्हतं. एखाद्या फ्रेंच माणसाने समोर उभं राहून पाणी मागितलं असतं, तर काकांनी बहुधा त्याला बसायला खुर्ची दिली असती. पण फ्रेंच क्रियापद कुठे कापायचं, हे मात्र त्यांनी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. गायनवृंदाच्या गाण्यांची पानं ते तीस वर्षं हाताने लिहीत आले होते, आणि गाण्याच्या पानावर शब्द अख्खा लिहून चालत नाही. एका सुराखाली एक तुकडा, मध्ये बारीक आडवी रेघ, पुढच्या सुराखाली पुढचा तुकडा. तुकडा चुकला की गाणारा चुकतो, आणि गाणारा चुकला की सगळे माना वळवून लिहिणाऱ्याकडे बघतात.

नोकरी त्यांची मोजणी खात्यात, नकाशे गिरवण्याची. दिवसभर लोकांच्या बांधांच्या रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी तालमीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून पाच रेघांवर सूर मांडायचे. टाक आणि दौत सोडून दुसऱ्या कशाने त्यांनी कधी लिहिलं नाही, म्हणून वृंदाने त्यांचं नाव 'बोरूभाऊ' ठेवलं. पुढे केस पांढरे झाले तसे ते कुणी न विचारता काका झाले. स्वतः त्यांनी कधी एक सूरही गायला नाही. त्यांचा आवाज असा होता की दूधवाल्याला हाक मारली तर तो शेजारच्या घरी जायचा.

कापणं शिकवलं ते एका निवृत्त फ्रेंच मास्तरांनी, टेबलावर बोटं आपटत. "स्वर मोजा. जितके स्वर कानाला लागतात तितकेच तुकडे. दोन सारखी व्यंजनं शेजारी आली तर बेधडक मधून कापा. पण द आणि र हातात हात घालून आले, तर खबरदार! ती जोडी फोडायची नाही. दोघं मिळून पुढच्या तुकड्यात जातात." मास्तर गेले, त्यांचा जाडजूड शब्दकोश काकांकडे राहिला. त्याच्या शेवटी क्रियापदांचे तक्ते होते: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते; काल, आज, उद्या. काका फिरायला जाताना एकेक तक्ता पुटपुटत आणि मांडीवर बोटांनी तुकडे मोजत. समोरून येणारी माणसं त्यांना वाट करून देत असत.

वृंदाचा एक जुना नियम होता, आणि ही सगळी गोष्ट त्या नियमावरच उभी आहे. गाणाऱ्यांनी आपल्या पानावर काही लिहायचं नाही. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे श्वास घ्यायचा, जे काही असेल ते बोरूकाका लिहिणार आणि चोवीसच्या चोवीस पानांवर सारखं लिहिणार. थोरले सर, म्हणजे ज्यांनी वृंद उभा केला ते, म्हणायचे की ज्याच्या पानावर वेगळं लिहिलेलं असतं तो मनानेही वेगळाच गातो.

आणि एक गाणं होतं. दर वर्षी कार्यक्रमाचा शेवट त्यानेच व्हायचा. दारात उभ्या असलेल्या माणसांचं गाणं. घरातलं कुणीतरी दूर गेलेलं असतं आणि ही माणसं दिवा घेऊन उभी असतात. शेवटची ओळ एवढीच, 'आम्ही वाट पाहू'. फ्रेंचमध्ये 'नू झाताँद्रों'. त्यातलं क्रियापद आताँद्रों; झ आधीच्या 'नू'चा, गाताना पुढच्या शब्दाला चिकटतो. त्याचे तुकडे तीन: आ, ताँ, द्रों. कागदावर पहिल्या दोन तुकड्यांमध्ये दोन त असतात, एक इकडे राहतो आणि एक तिकडे जातो, गाताना मात्र एकच ऐकू येतो. द आणि र शेवटच्या तुकड्यात. मास्तरांनी एकदा दाखवलं होतं की खरं पाहता ही जोडी शब्दाच्या मुळातली आहे, 'आम्ही'चं शेपूट तिच्यानंतर सुरू होतं. पण तुकडे पाडताना ती मुळाला सोडून शेपटाबरोबर जाते. काकांना ते तेव्हा फार आवडलं होतं. का आवडलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

ताँवर सूर धरायचा तो नऊ मात्रा. मग द्रों. संपलं.

मधल्या आवाजांच्या रांगेत तेव्हा एक बाई गात होत्या. औषधांच्या दुकानात काम करायच्या. त्यांच्या पर्समध्ये घसा साफ करणाऱ्या गोळ्यांचा डबा कायम असायचा, आणि कुणी नुसतं खाकरलं तरी त्या गोळी पुढे करायच्या. म्हणून त्या 'गोळीवाल्या बाई'. आवाज बारीक, पण खरा. लहानपणीच्या दुखण्याने एक फुप्फुस अर्धं निकामी झालेलं होतं. हे वृंदात कुणाला ठाऊक नव्हतं. बोरूकाकांना मात्र ठाऊक होतं: बाईंचे वडील एकदा त्यांना त्यावरून जपायला सांगत होते ते काकांच्या कानावर पडलं होतं, आणि एरवीही ते कोपऱ्यात बसून दुसरं काही बघतच नसत. नऊ मात्रांतल्या सातव्या मात्रेला बाईंचा सूर संपायचा आणि द्रोंच्या वेळी त्यांचे नुसते ओठ हलायचे.

एका तालमीत थोरल्या सरांनी गाणं थांबवलं. "मधल्या रांगेत कुणीतरी शेपूट गिळतंय. ज्याला झेपत नाही त्याने या गाण्याला खाली बसावं, उगाच तोंड हलवू नये." बाईंनी मान खाली घालून पान वाचल्यासारखं केलं. त्या पानावर त्या क्षणी वाचण्यासारखं काही नव्हतं, हे ते लिहिणाऱ्याला माहीत होतं.

त्या आठवड्यात काकांनी त्या गाण्याची चोवीस पानं नव्याने लिहिली. जुन्या पानांवर शाई सांडली, असं सांगितलं. नव्या पानांवर एकच गोष्ट जास्त होती: ताँ आणि द्रों यांच्या मध्ये, रेघांच्या वर, स्वल्पविरामासारखी एक खूण. इथे श्वास घ्या. एकट्या बाईंच्या पानावर ती काढता आली नसती, ती दिसली असती आणि मग बाईही दिसल्या असत्या. म्हणून ती सगळ्यांच्या पानांवर गेली.

शब्दाच्या मध्ये श्वास घेत नाहीत, त्यातून क्रियापदाच्या तर नाहीच नाही, हे काकांना चांगलं कळत होतं. नकाशात एखाद्याचा बांध हातभर सरकवावा तसं ते वाटलं त्यांना. तरी केलं. पुढच्या तालमीत चोवीस जणांनी एकदम श्वास घेतला, त्यात एक श्वास बाईंचा होता, आणि द्रों पहिल्यांदा पुरा आला. थोरल्या सरांनी डोळे मिटले. त्यांनाही फ्रेंच येत नव्हतं. ते म्हणाले, "काय जागा आहे! हा उसासा म्हणजे या गाण्याचा जीव आहे." ते वाक्य ते मरेपर्यंत दर वर्षी म्हणत राहिले, आणि दर वर्षी काका दौतीचं झाकण उघडून बंद करत राहिले.

पाच वर्षं असं चाललं. मग बाईंचे वडील गेले आणि त्या भावाकडे दुसऱ्या गावी राहायला निघाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी काकांना गोळ्यांचा एक नवा डबा दिला. "घ्या लेखनिक, तुम्ही गात नसलात तरी." बाकी सगळे बोरूभाऊ म्हणत, त्या एकट्या 'लेखनिक' म्हणत. त्यांनी काकांना कधीही भाऊ म्हटलं नव्हतं. ही गोष्ट काकांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, टिपली होती, काकांनी नव्हती. त्या दिवशी काकांना पाच वर्षांचं सगळं बोलायचं होतं. ते म्हणाले, "प्रवासात गार लागतं. शाल वर ठेवा."

घरी आल्यावर अक्काने हे ऐकलं आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. "शाल वर ठेवा? एवढंच? तुझं तोंड मी शिवलंय की काय?"

त्याला बावीस वर्षं झाली. गोळ्या कधीच संपल्या होत्या, डब्यात आता टाकाच्या निबा राहत होत्या. वृंदातली निम्मी माणसं बदलली, नवी मुलं-मुली आली, थोरले सर गेले. पण वर्षातून एकदा, शेवटच्या गाण्यात, ताँ आणि द्रोंच्या मध्ये चोवीस छात्या एकदम वर उठायच्या. ज्यांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासुद्धा. काका पियानोशेजारी पानं उलटायला बसलेले असत. तेवढ्या अर्ध्या मात्रेपुरत्या त्या खोलीत बाई असायच्या. मनातसुद्धा काका त्यांना 'त्या'च म्हणत, 'ती' म्हणण्यापर्यंत गोष्ट कधी गेलीच नाही.

यंदा वृंदाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. जुन्या सगळ्या गायकांना पत्रं गेली होती, आणि आलेली उत्तरं वाचायचं काम खर्जात गाणाऱ्या तात्यांकडे होतं. तात्या घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते डोळ्याजवळ धरूनच वाचत. "गोळीवाल्या बाई येतायत हो! 'आता गाता येत नाही, पण पहिल्या रांगेत बसून ऐकेन. शेवटचं गाणं तेच आहे ना?'"

काकांच्या टाकातून पानावर थेंब पडला. तीस वर्षांतला हा बहुधा चौथा असेल.

त्यानंतरचे दोन आठवडे काका हवेत चालत होते म्हणायला हरकत नाही. त्यांना फार काही नको होतं. बाई पहिल्या रांगेत बसतील, गाणं तिथवर येईल, चोवीस जण श्वास घेतील, आणि बाईंना कळेल. बावीस वर्षांत एकदाही ती जागा बुजली नाही, हे त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू येईल. मग काकांना काही बोलावं लागणार नाही. न बोलता काम होणार असेल, तर काकांना त्याहून मोठं सुख नव्हतं.

आणि नेमकं तेव्हा नव्या मॅडमनी तालीम थांबवली.

नव्या संचालिका वयाने काकांच्या भाचीएवढ्या होत्या. त्या सात वर्षं बाहेर शिकून आल्या होत्या, फ्रेंच खरोखर बोलायच्या, आणि त्यांच्या हातात त्या गाण्याची छापील मूळ प्रत होती. "एक मिनिट. तुम्ही सगळे ताँवर श्वास का घेताय?"

"तिथे खूण आहे, मॅडम," तात्या म्हणाले.

"असेल, पण चुकीची आहे. हा एक शब्द आहे, एकच क्रियापद. वाट कोण पाहणार आणि कधी पाहणार, हे सगळं शेवटच्या तुकड्यात आहे. मध्येच तोडलंत तर ऐकणाऱ्याला काय मिळालं? वाट पाहण्याचं नुसतं धड. शेपूट नाही." त्या पानं चाळत काकांच्या टेबलाशी आल्या. "काका, तुमचे तुकडे इतके नीट आहेत! द-रची जोडी तुम्ही एकदाही फोडलेली नाही. मग ही खूण कुठून आली? मूळ प्रतीत नाहीये."

चोवीस माना वळल्या.

खरं सांगायचं तर सोपं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे बाईंचं अर्धं फुप्फुस चारचौघांत मांडायचं, सत्तावीस वर्षं झाकून ठेवलेलं. काकांनी दौतीचं झाकण बंद केलं. "माझी चूक आहे," ते म्हणाले.

"सत्तावीस वर्षं?" तात्या ओरडलेच. "अहो, थोरले सर त्या जागेवर जीव टाकायचे!"

"लिहिताना हात घसरला असेल."

"चोवीस वेळा?" कुणीतरी मागून हसलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "काका, पन्नासावं वर्ष आहे. ज्यांना कळतं असे लोक ऐकायला येणार आहेत. तुम्ही दुरुस्त कराल का? नाही जमलं तर मी छापून आणते, तुम्हाला त्रास नको."

"छापू नका," काका म्हणाले. "मी करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिडकीशी बसले. शाई पुसून जात नाही, ती खरवडावी लागते. दाढीचं नवं पातं आडवं धरायचं आणि कागदाचा वरचा पापुद्रा हलकेच काढायचा, नखाएवढा. अक्का समोर बसून उशीच्या अभ्र्याला काज करत होती. पाच पानं होईपर्यंत ती गप्प राहिली, आणि अक्का तेवढा वेळ गप्प राहिली म्हणजे पुढे काय येणार ते काकांना माहीत होतं.

"कमाल आहे तुझी. ती एवढ्या वर्षांनी येणार, आणि तू बसलायस तिची खूण पुसत."

"चुकीची आहे ती, अक्का."

"केलीस तेव्हा बरोबर होती?"

"तेव्हा त्यांना गायचं होतं. आता नुसतं ऐकायचंय. आता तिची गरज नाही."

"कुणाला गरज नाही?" अक्काने दोरा दाताने तोडला.

काका खरवडत राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. चौसष्टाव्या वर्षी एका स्वल्पविरामासाठी! एक पान तसंच ठेवावं असं त्यांच्या मनात शंभरदा आलं. एखादं तात्यांचं. त्यांना कुठे दिसतंय! पण एकाच्या पानावर वेगळं लिहायचं नाही, हा नियम बाईंना झाकायला ज्याने वापरला, त्यानेच आता तो मोडायचा हे काही त्यांच्या हाताला जमेना. संध्याकाळपर्यंत चोवीस पानं झाली. मांडीवर कागदाचा पांढरा भुगा पडला होता.

"आता निदान तोंडाने तरी सांग," अक्का म्हणाली.

"काय सांगू?"

"हे बहिणीला विचारायचं वय राहिलंय का तुझं?"

कार्यक्रम दोन आठवड्यांनी, रविवारी होता. सभागृह भरलं होतं. काका पियानोशेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. त्यांना एकदम ओळखता आलं नाही. केस आखूड कापलेले, पूर्ण पांढरे, अंग पूर्वीच्या निम्मं उरलेलं, खांद्यावर शाल. भाच्याने हाताला धरून बसवलं तेव्हा त्यांनी आधी पर्समधून डबा काढला आणि शेजारी खोकणाऱ्या गृहस्थांपुढे केला. मग काकांना ओळख पटली, आणि समोरचं पान काही वेळ त्यांना नीट दिसेना.

शेवटचं गाणं सुरू झालं. मॅडमनी दोन आठवडे सगळ्यांकडून मेहनत करून घेतली होती. श्वास आधी चोरून घ्यायचा, शेजाऱ्याने घेतला की आपण सूर धरून ठेवायचा, म्हणजे रांगेचा सूर कुठेच तुटत नाही. नू. झा. ताँ. सूर नऊ मात्रा चालला, काचेवरून हात फिरावा तसा, आणि कुठेही न थांबता द्रोंमध्ये उतरला. क्रियापद अखंड झालं. इतकं सुंदर ते या वृंदाने कधीच गायलं नव्हतं, हे काकांना मान्य करावं लागलं.

पण त्या जागी, अगदी त्या जागी, पहिल्या रांगेत एक शाल वर उठली. बाईंनी श्वास घेतला. बावीस वर्षं न गाता त्यांच्या छातीने ती जागा धरून ठेवली होती. आणि या वेळी त्यांच्याबरोबर कुणीच थांबलं नाही. चोवीस जण पुढे निघून गेले, त्या एकट्या मागे राहिल्या. त्यांनी दचकून मंचाकडे पाहिलं.

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपणही छाती भरून श्वास घेतलाय, तोंड उघडं टाकून. इतकी वर्षं आपणही घेत आलो असणार. बाईंची नजर रांगांवरून फिरत पियानोशी आली आणि त्या उघड्या तोंडावर थांबली. काका पान उलटायला विसरले. पियानोवालीने डोळे वटारून ते स्वतःच उलटलं.

कार्यक्रमानंतर काका बाजूच्या खोलीत पानं गोळा करून क्रमाने लावत होते. बाहेर फोटो चालले होते. दार लोटून बाई आत आल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"लेखनिक, ओळखलंत का?"

"बसा. जिना चढून आलात. आधी दम खा."

त्या बसल्या. दम खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आज तिथे कुणी थांबलं नाही."

"नाही. नव्या मॅडमचं बरोबर आहे. मूळ गाण्यात ती जागा नव्हतीच."

"मला माहीत आहे." बाईंनी शाल नीट केली. "तिकडे गेल्यावर मी एका वृंदात जायला लागले होते. त्यांनी हेच गाणं काढलं. छापील पान होतं. मी आपली स्वल्पविराम शोधतेय. विचारलं तर ते सगळे हसले. म्हणाले, क्रियापदाच्या मध्ये कोण श्वास घेतं? मग घरी जाऊन बसले आणि सगळं आठवलं. सर मला बोलले तो दिवस. तुमची शाई सांडली तो आठवडा." त्यांनी मध्येच श्वास घेतला. काकांनी घाई केली नाही. "माझ्या एकटीच्या पानावर असती ना, तर मला तेव्हाच कळलं असतं. तुम्ही सगळ्यांनाच थांबवलंत. मग ते तिकडचं गाणं मी सोडून दिलं. तिथे एकटीनेच दमायचं होतं."

"मग एखादं पत्र..." काका म्हणाले.

"काय लिहिणार होते मी? तुम्ही खूण केली होती, बोलला तर काहीच नव्हतात. खुणेला माणसाने उत्तर काय द्यायचं? आपण मनाने काहीतरी समजायचं, लिहायचं, आणि तुमचं उलट टपाली यायचं की हात घसरला होता म्हणून. मी थांबले. म्हटलं, बोलतील." बाई हसल्या. "तुम्ही शाल वर ठेवा म्हणालात, ती मी अजून वर ठेवते."

बाहेरून भाच्याची हाक आली. "आत्या, चला ना! गाडी दुसऱ्याच्या दारात लावलीय."

"आले रे." त्या उठू लागल्या. "जाता जाता एक मागू? त्या खुणेचं एक पान द्या मला. कुठलंही चालेल."

काकांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. चोवीस पानं, एकावरही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या चोख कामाचा मनापासून राग आला. "मी सगळ्या खरवडल्या," ते म्हणाले. "एकसुद्धा ठेवली नाही."

बाईंनी नुसती मान हलवली आणि पर्स काखेला लावली. पूर्वी सर बोलल्यावर पानाकडे बघितलं होतं, तशाच त्या आता जमिनीकडे बघत होत्या.

"थांबा," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला की दोघंही चपापले.

त्यांनी गठ्ठ्यातून अकरा नंबरचं पान काढलं. ते बाईंचं पान. मागची बावीस वर्षं ते दुसऱ्या कुणाकुणाच्या हातात होतं, पण काकांच्या लेखी ते बाईंचंच होतं. खिशातून डबा काढला, निब लावली. डबा बघून बाईंनी हात तोंडाशी नेला. काकांनी टाक बुडवला आणि ताँ आणि द्रोंच्या मध्ये, रेघांच्या वर, खूण काढली. खरवडलेला कागद मऊ पडलेला होता. शाई धरेना, चहूकडे पसरली. स्वल्पविरामाचा हरभऱ्याएवढा डाग झाला. असं ओंगळ काम काकांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"फुटली," ते म्हणाले. मग टाक खाली ठेवला, कारण हातात टाक असताना त्यांना बोलता येत नव्हतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं होतं. "ही तुमच्यासाठी होती. सगळ्या पानांवरची. तुम्ही गेल्यावरही दर वर्षी तुमच्यासाठीच होती. मला तुम्ही जायला नको होतात. त्या दिवशी हे सांगायचं होतं मला."

बाईंनी त्या डागाकडे पाहिलं. "माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "ऐकायचं राहिलं होतं."

"आत्या!" भाचा दारात येऊन उभा राहिला होता. "निघायचं ना? लोक हॉर्न वाजवतायत."

बाईंनी पान घ्यायला हात पुढे केला आणि मग मागे घेतला. "जरा थांब रे," त्या म्हणाल्या. "शाई ओली आहे."

भाचा घड्याळात बघत बाहेर गेला. खरवडलेल्या कागदावर शाई वाळायला फार वेळ लागतो, हे काकांना माहीत होतं. शाई लगेच टिपून घेणारा टिपकागद त्यांच्या वरच्या खिशात होता, बाईंना तो दिसत होता, आणि तो काकांनी काढला नाही, हेही दिसत होतं. बाई परत खुर्चीवर बसल्या. काकांनी दुसरी खुर्ची ओढली. पान दोघांच्या मध्ये टेबलावर उघडं पडलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही त्यावर फुंकर मारली नाही.